फ्रायबर्गचा दगडांचा शिक्षक

सहावी-सातवीच्या वर्गात रस्त्याकडेचा एखादा काळा दगड टेबलावर ठेवावा आणि मुलांना त्याचे वर्णन लिहायला सांगावे. बऱ्याच वह्यांमध्ये पहिलेच वाक्य सापडेल, 'हा अग्निजन्य खडक आहे.' उत्तर चुकीचे नाही. महाराष्ट्रातला बहुतेक काळा दगड खरोखरच लाव्हापासून बनलेला आहे. पण आपण विचारले होते दगडाचे वर्णन. 'अग्निजन्य' हा शब्द दगडाच्या अंगावर कुठे दिसत नाही, की बोटांना लागत नाही. तो दगडाच्या जन्माविषयीचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष पक्का होण्यासाठी युरोपातल्या अभ्यासकांना अर्ध्या शतकाहून अधिक काळ कडाक्याचा वाद घालावा लागला.

या वादाच्या मध्यभागी एक शिक्षक होता. दगडांचे वर्णन कसे करावे हे त्याच्याइतके पद्धतशीरपणे त्याच्याआधी कोणी शिकवले नव्हते. आणि याच काळ्या दगडाच्या बाबतीत तो साफ चुकला. तो का चुकला आणि त्याची चूक त्याच्याच विद्यार्थ्यांच्या लक्षात कशी आली, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

खाणीतून आलेली भाषा

दगडांची पारख सर्वांत आधी केली ती दगडावर पोट असणाऱ्यांनी. आपल्याकडचा पाथरवट दगड निवडताना तो ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध, बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. शंखजिऱ्याचा गुळगुळीत, साबणासारखा स्पर्श, गेरूची तांबडी रेघ, गारेवर पोलाद आपटले की उडणारी ठिणगी, या सगळ्या खुणा शास्त्राच्या आधीपासून लोकांना ठाऊक आहेत.

जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात चांदीच्या मोठ्या खाणी होत्या. तिथल्या खाणकामगारांचे असेच शब्दभांडार होते. सोळाव्या शतकात अ‍ॅग्रिकोला नावाचा एक डॉक्टर खाणींच्या गावात राहत होता. त्याने १५४६ साली जमिनीतून निघणाऱ्या पदार्थांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात रंग, चव, वास, वजन, कठीणपणा अशा गुणांवरून त्यांची मांडणी केली. सॅक्सनीतल्या श्टोल्पन गावचा किल्ला काळ्या, पैलूदार दगडी खांबांच्या टेकडीवर उभा आहे. या खडकाला अ‍ॅग्रिकोलाने 'बेसाल्ट' म्हटले. हा शब्द त्याने प्लिनी या रोमन लेखकाकडून घेतला होता. प्लिनीने लोखंडासारख्या रंगाच्या आणि तितक्याच कठीण अशा एका दगडाचे वर्णन केले होते. गंमत अशी, की प्लिनीचा तो दगड आजच्या अर्थाने बेसाल्ट नसावा, असे अभ्यासक मानतात. रंग आणि कठीणपणा जुळला, एवढ्यावरून नाव एका दगडावरून दुसऱ्या दगडावर गेले. नुसत्या दोन गुणांवर विसंबले की काय होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अडचण आणखी एक होती. एकाचा 'राखाडी' तो दुसऱ्याचा 'निळसर'. एक जण ज्याला 'कठीण' म्हणे, तो दुसऱ्याच्या मते मध्यम. पत्रातून वर्णन वाचून दूरच्या माणसाला दगड ओळखता येईल, अशी खात्री कोणालाच देता येत नव्हती.

डोळा, बोट, नाक, जीभ, कान

अब्राहम गोटलोब वेर्नर याचा जन्म १७४९ सालचा. वडील लोखंडाच्या कारखान्यावर देखरेख करत, त्यामुळे दगडांशी ओळख लहानपणीच झाली. फ्रायबर्ग या गावी १७६५ साली खाणविद्येची अकादमी निघाली होती, तिथे तो शिकला. १७७४ साली, वयाच्या पंचविशीच्या आसपास, त्याने एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. विषय होता 'फॉसिलांची बाह्य लक्षणे'. त्या काळी 'फॉसिल' म्हणजे जमिनीतून खणून काढलेली कोणतीही वस्तू. आजच्या भाषेत, वेर्नरचे पुस्तक खनिजांविषयी होते. पुढच्याच वर्षी, १७७५ मध्ये, फ्रायबर्गच्या अकादमीने त्याला शिक्षक म्हणून बोलावले. १८१७ साली मृत्यू येईपर्यंत तो तिथेच शिकवत राहिला.

पुस्तकाची कल्पना अगदी साधी होती. जे पंचेंद्रियांना कळते तेवढेच लिहायचे, पण ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या शब्दांत. रंगासाठी त्याने आठ मुख्य रंग घेतले : पांढरा, राखाडी, काळा, निळा, हिरवा, पिवळा, तांबडा आणि तपकिरी. त्यांच्या छटा मिळून ५४ रंगांना नावे दिली. मग चकाकी, पारदर्शकता, फोडल्यावर दिसणारा भंग, घासल्यावर उमटणारी रेघ. कठीणपणाचे टप्पेही कृतीवरून ठरवले. सुरीने ओरखडा उठत नाही आणि पोलादाने ठिणगी उडते तो कठीण. सुरीने सहज कापला जातो तो मऊ. नखानेही कोरला जातो तो फार मऊ. दगड हाताला किती गार लागतो, जिभेला चिकटतो का, त्यावर तोंडाची वाफ सोडली तर मातीसारखा वास येतो का, ठोकल्यावर आवाज कसा होतो, हेही त्याने लिहायला लावले.

पाथरवटाचे ज्ञान त्याच्या हातात असते आणि त्याच्याबरोबर जाते. वेर्नरने तसल्या ज्ञानाला कागदावर उतरवता येईल अशी भाषा दिली. ती किती उपयोगी पडली याची दोन उदाहरणे देतो. पॅट्रिक साइम या एडिंबरोच्या चित्रकाराने वेर्नरच्या रंगांची यादी वाढवून ११० रंगांचे पुस्तक केले. ते १८१४ साली निघाले. चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये 'बीगल' जहाजावरून निघाला तेव्हा हे पुस्तक त्याच्याबरोबर होते, आणि प्राण्यांचे रंग नोंदवताना त्याने ते वापरले. दुसरे उदाहरण फ्रीड्रिख मोज याचे. हा वेर्नरचा विद्यार्थी. कठीण, मऊ असे ढोबळ शब्द त्याला पुरेसे वाटले नाहीत. त्याने १८१२ च्या सुमारास दहा खनिजांची एक शिडी लावली. सर्वांत खाली शंखजिरे, मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, अ‍ॅपेटाइट, फेल्डस्पार, क्वार्ट्झ म्हणजे गार, पुष्कराज, कुरुंद आणि दहाव्या पायरीवर हिरा. वरचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते, एवढाच नियम. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. नवव्या आणि दहाव्या पायरीतले अंतर खालच्या पायऱ्यांपेक्षा कितीतरी मोठे आहे. तरीही दोनशे वर्षांनंतर ही शिडी आपण वापरतो, कारण तिच्यात 'काय केले तर काय होते' एवढेच सांगितलेले आहे.

शायबेनबर्गची टेकडी

वेर्नर इथेच थांबला असता तर वाद झाला नसता. पण खनिज ओळखणे वेगळे आणि खडकांची क्रमवार व्यवस्था लावणे वेगळे. खनिज हा एक पदार्थ. खडक म्हणजे बहुधा अनेक खनिजांचे मिश्रण, आणि तो डोंगरभर पसरलेला असतो. १७८७ साली वेर्नरने खडकांच्या वर्गीकरणाची एक पुस्तिका काढली. त्यात त्याने खडक कुठे आणि कशावर सापडतो यावरून त्याचे वय ठरवले. ही कल्पना मोलाची होती. पण तिच्या पोटात एक गृहीत दडलेले होते. एके काळी सगळी पृथ्वी समुद्राखाली होती, आणि जवळजवळ सारे खडक त्या पाण्यातून एकामागून एक खाली बसले, असे तो मानत असे. पहिला ग्रॅनाइट, मग इतर. ज्वालामुखी ही त्याच्या मते अलीकडची आणि किरकोळ गोष्ट. जमिनीतला दगडी कोळसा पेटला की वरचे खडक वितळतात आणि लाव्हा निघतो, एवढेच तिचे महत्त्व.

आज हे वाचून हसू येईल. पण त्याचा मुद्दा ऐकून घेतला पाहिजे. ग्रॅनाइटमध्ये स्फटिक असतात. स्फटिक कुठे तयार होताना दिसतात? तुरटीच्या पाण्यात, मिठाच्या पाण्यात. आणि दगड भट्टीत वितळवून गार केला तर काय मिळते? काच. मग स्फटिकांनी भरलेला खडक आगीतून आला असे कशावरून म्हणायचे?

बेसाल्टचे कण इतके बारीक असतात, की नुसत्या डोळ्यांना एकसारखा काळा दगड दिसतो. इथे वेर्नरची बाह्य लक्षणे थोडी थिटी पडत होती. सॅक्सनीत शायबेनबर्ग नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर बेसाल्टचे खांब आहेत. तिथे वेर्नरने खालून वर क्रमाने वाळू, चिकणमाती, मातकट खडक आणि सर्वांत वर बेसाल्ट पाहिला. एकातून दुसरा हळूहळू होत गेला आहे, असे त्याला वाटले. वाळू पाण्यात बसली, माती पाण्यात बसली, तेव्हा त्याच रांगेतला बेसाल्टही पाण्यातच बसला असणार. १७८८ साली त्याने हे जाहीर केले.

थर एकावर एक आहेत, हे त्याने पाहिले होते. त्यांचा जन्म एकाच रीतीने झाला, हे त्याने ठरवले होते. लिहिताना मात्र दोन्ही गोष्टी एकाच पंक्तीत बसल्या.

विद्यार्थी निघाले

फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथले डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी आहेत, हे गेतार या फ्रेंच अभ्यासकाने १७५२ मध्येच सांगितले होते. पुढे निकोला देमारे तिथे १७६३ पासून फिरला. तिथे त्याला बेसाल्टचे पैलूदार खांब दिसले. ते खडक तो माग काढत चालत गेला, आणि ती वाट जुन्या ज्वालामुखीच्या मुखाशी नेणाऱ्या लाव्हाप्रवाहाला जाऊन मिळाली. कोणी वाद घालायला आले तर देमारे त्यांना म्हणे, जा आणि बघून या.

फ्रायबर्गला युरोपभरातून मुले येत. वेर्नर लिहीत असे फार थोडे, पण शिकवत असे विलक्षण. हे विद्यार्थी त्याचे मत बरोबर घेऊन जगभर गेले. आणि पाहण्याची सवयही. लेओपोल्ड फॉन बुख आधी इटलीत गेला आणि मग १८०२ मध्ये ओव्हेर्न्यला. तिथला बेसाल्ट ज्वालामुखीतून आला आहे, हे त्याला नाकारता येईना. तरीही काही काळ तो म्हणत राहिला, की म्हणून जर्मनीतलाही तसाच असेल असे नाही. दोब्युइसाँ या फ्रेंच विद्यार्थ्याने १८०३ मध्ये सॅक्सनीच्या बेसाल्टवर पुस्तक लिहून गुरूची बाजू मांडली. त्यानंतर लवकरच तो ओव्हेर्न्यला जाऊन आला आणि आपले मत बदलल्याचे त्याने पॅरिसच्या विद्वानांपुढे सांगितले. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याने तरुणपणी ऱ्हाइन नदीकाठच्या बेसाल्टवर पाण्याच्या बाजूने लिहिले होते. दक्षिण अमेरिकेतले ज्वालामुखी पाहिल्यावर त्याचीही भूमिका बदलली.

या मुलांना बाहेरच्या कोणी फितवले नव्हते. दगड फोडून त्याचा भंग पाहायचा, कणांचा पोत पाहायचा, खाली काय आणि वर काय हे लिहायचे, ही शिस्त वेर्नरचीच होती. तीच त्यांनी नव्या जागी वापरली.

भट्टी, खल आणि भिंग

'वितळलेला दगड गार झाला की काच होते', हा आक्षेप मात्र शिल्लक होता. त्याचे उत्तर स्कॉटलंडमध्ये मिळाले. जेम्स हटन तिथे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेचे महत्त्व सांगत होता. त्याचा मित्र जेम्स हॉल याने काचेच्या कारखान्यातली एक हकिकत ऐकली होती. भट्टीतली काच चुकून फार सावकाश गार झाली आणि तिचा दगडासारखा अपारदर्शक गोळा बनला. तोच पुन्हा वितळवून चटकन गार केला तर परत काच. हॉलने १७९८ मध्ये एडिंबरोजवळचा काळा खडक आणि ज्वालामुखीतला लाव्हा, दोन्ही वितळवून पाहिले. झटकन गार केले तेव्हा काच मिळाली, सावकाश गार केले तेव्हा मूळच्यासारखा दगड. १८०४ मध्ये जेम्स वॉटचा मुलगा ग्रेगरी वॉट याने सुमारे साडेतीनशे किलो बेसाल्ट एकदम वितळवला आणि कित्येक दिवस गार होऊ दिला. त्या एकाच ढिगात काचेपासून स्फटिकांपर्यंतच्या सगळ्या अवस्था मिळाल्या.

म्हणजे कणांचा आकार हे नुसते बाह्य लक्षण राहिले नाही. दगड किती वेगाने गार झाला याची ती नोंद ठरली.

डोळ्यांना न दिसणारे बेसाल्टचे कण कसे पाहायचे? कोर्डिए या फ्रेंच अभ्यासकाने १८१५ च्या सुमारास दगड खलात कुटला, पूड पाण्यात धुऊन कण वेगळे केले आणि ते भिंगाखाली तपासले. त्यात फेल्डस्पार, पायरॉक्झीन, ऑलिव्हीन आणि लोहयुक्त खनिजे निघाली, आणि ज्वालामुखीच्या लाव्हातही तीच होती. शेफील्डच्या हेन्री सॉर्बी याने १८४९ मध्ये दगडाची चकती घासून घासून इतकी पातळ केली, की तिच्यातून प्रकाश जाऊ लागला. डोंगर काय सूक्ष्मदर्शकातून पाहायचे असतात, अशी त्याची थट्टा झाली. आज असा काप ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात. आता तर रासायनिक पृथक्करणाने बेसाल्टची व्याख्या होते. त्यात सिलिकाचे प्रमाण साधारण ४५ ते ५२ टक्के असावे लागते. पण भूशास्त्रज्ञ डोंगरावर हातोडा घेऊन उभा असतो तेव्हा पहिले नाव तो अजूनही रंग, कण, वजन आणि भंग पाहूनच देतो.

वेर्नर सह्याद्रीत आला असता तर

आपल्या खडकांना 'दख्खनचे ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतला, अर्थ जिना किंवा पायऱ्या. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात उभे राहून समोरचा कडा पाहिला की हे नाव पटते. कर्नल साइक्स यांनी १८३३ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या या खडकांचे वर्णन मांडले होते. या नावात जन्माबद्दल काहीच म्हटलेले नाही, फक्त दिसण्याबद्दल म्हटले आहे. पाण्याचा पक्ष हरला, आगीचा जिंकला, नावाला धक्का लागला नाही.

समजा, वेर्नर इथे आला असता. त्याला काय दिसले असते? कित्येक कोस आडवे, सपाट थर. ज्वालामुखीचा शंकू किंवा मुख कुठेच नाही. दोन थरांमध्ये ठिकठिकाणी लाल मातीचा पट्टा. आणि नागपूरच्या सीताबर्डी-टाकळी भागात काळ्या खडकांच्या मध्ये गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म. त्यांची माहिती हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केली. यातली प्रत्येक गोष्ट वेर्नरला आपल्याच बाजूची वाटली असती. शायबेनबर्गपेक्षाही इथला पुरावा त्याला भक्कम वाटला असता.

त्याला उत्तर द्यायचे तर अधिक बारकाईने पाहावे लागते. प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र असतो. ती वायू बाहेर पडण्याची खूण. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट आणि गार भरली. मधली लाल माती म्हणजे एक प्रवाह थंड झाल्यावर त्याच्यावर तयार झालेली आणि पुढच्या लाव्हाने भाजलेली माती. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर दिसणारे उभे खांब लाव्हा गार होताना आकसल्यामुळे तडकून बनले. शंख तळ्यांतले आहेत, पण ती तळी दोन उद्रेकांच्या मधल्या काळात साचलेली होती. आणि शंकू नाहीत, कारण लाव्हा लांबलचक भेगांमधून वर आला. धुळे-नंदुरबार भागात भिंतींसारखे उभे असलेले खडक म्हणजे तशा भेगांत गोठलेला लाव्हा. आइसलंडमध्ये १७८३ साली लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून असाच लाव्हा वाहिला. त्या वेळी वेर्नर फ्रायबर्गला शिकवत होता! सह्याद्रीतले हे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, आणि त्यांनी आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे.

फळ्यावर दोन रकाने

आता वर्गातल्या दगडाकडे वळू. आमची सूचना अशी आहे. तीन दगड घ्यावेत : काळा कातळ, गारगोटी आणि मिळाला तर जांभा. नाहीतर मुरमाचा तुकडा चालेल. साहित्य म्हणून नख, तांब्याची तार, लोखंडी खिळा, काचेचा तुकडा, फरशीची खडबडीत मागची बाजू आणि एक भिंग पुरे. काच आणि खिळा मोठ्यांच्या हातात असावा. फळ्यावर दोन रकाने आखावेत. पहिल्याला मथळा 'पाहिले', दुसऱ्याला 'ठरवले'. रंग (ताज्या फुटलेल्या भागाचा आणि बाहेरचा वेगवेगळा), कण दिसतात का, छिद्रे आहेत का, खिळ्याने ओरखडा उठतो का, काचेवर उठतो का, फरशीवर रेघ कोणत्या रंगाची, हे सगळे पहिल्या रकान्यात. 'अग्निजन्य', 'जुना', 'लाव्हा' हे शब्द आले की ते दुसऱ्या रकान्यात लिहावेत आणि लगेच विचारावे, पहिल्या रकान्यातल्या कोणत्या ओळीवरून?

कधी कधी मुलांना तशी ओळ सापडणार नाही. मग तो शब्द पुसू नये. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लिहावे आणि जवळच्या खाणीकडे, विहिरीच्या कडेला किंवा घाटातल्या कापलेल्या दरडीकडे एक फेरी काढावी. दोब्युइसाँचे प्रश्नचिन्ह ओव्हेर्न्यला जाऊन सुटले. आपल्या मुलांचे कदाचित गावाबाहेरच्या ओढ्यातच सुटेल.